मामाचा मुलगाही मामाच

नमस्कार,

ओमाहा-पोंका या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या रोजच्या शब्दांवर मी लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. ओमाहा आणि पोंका हे वेगळे समाज असताना मी सगळे शब्द ‘ओमाहांचे’ म्हणून दिले, हा पहिला. आणि शब्दापुढे एक मराठी शब्द लिहून मोकळं व्हायचं सोडून पाल्हाळ लावलं, हा दुसरा.

पहिला मान्य. भाषा एक, समाज दोन. पोंकांना १८७७ साली नायोब्रारा नदीकाठच्या गावांतून हुसकावून आजच्या ओक्लाहोमात नेलं. तिथे पोंकांचा एक प्रमुख मांचू-नांझीं (इंग्रजीत ‘स्टँडिंग बेअर’) याचा मुलगा वारला, तेव्हा त्याला आपल्याच मातीत पुरायचं म्हणून तो माघारी निघाला आणि वाटेत पकडला गेला. मांचू म्हणजे अस्वल, नांझीं म्हणजे उभं असणं. १८७९ मध्ये त्याच्याच खटल्यात, ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासीही कायद्यापुढे ‘व्यक्ती’ आहे असा निकाल लागला. अशा लोकांचं नाव गाळणं ही माझी चूकच.

दुसरा आक्षेप मात्र मला पटत नाही. ‘विनेगी’ म्हणजे ‘माझा मामा’ एवढंच लिहिलं तर वाचकाच्या डोळ्यांपुढे आपलाच मामा येईल. ओमाहांत मामाचा मुलगाही मामाच, मग तो तुमच्याहून दहा वर्षांनी लहान का असेना! मामाची मुलगी तर आईच्या नात्यात जाते. आपल्याकडे कित्येक घरांत मामाची मुलगी हक्काची सून. तिथे तिच्याशी लग्न म्हणजे अब्रह्मण्यम्. जगात इतरत्र अशी नाती सापडली, तरी मानववंशशास्त्रज्ञ त्यांना ‘ओमाहा पद्धत’ म्हणतात.

आज्ञार्थाचंही तसंच. पुरुष क्रियापदाला ‘गा’ जोडतो, बाई ‘आ’. आपण ‘मी जातो’, ‘मी जाते’ म्हणतो, पण ‘ये’ म्हणताना बोलणारा कोण हे त्या शब्दात कळत नाही. तिथे कळतं. मग ‘ये’पुढे एकच रूप लिहून कोणाचं तोंड बंद करू?

नामामागे येणारे छोटे शब्दही बघा: आडव्या वस्तूला ‘खे’, उभीला ‘थे’, गोलसरला ‘धों’, विखुरलेल्यांना ‘गे’. आपण वस्तूचं लिंग बघतो, ते ती कशी पडलीय किंवा उभी आहे हे बघतात. या चारही शब्दांपुढे मी नुसतं ‘तो-ती-ते’ लिहिलं असतं, तर चारही एकसारखेच वाटले असते.

जिथे एका शब्दाने भागतं तिथे मी तेवढंच लिहिलंय. ‘नी’ म्हणजे पाणी. ‘नी ब्धास्का’ म्हणजे सपाट पाणी, प्लॅट नदीचं नाव. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचं नाव त्यावरून किंवा ओटो या नात्यातल्या भाषेतल्या तशाच नावावरून आलं. तिथे तुम्हाला पाल्हाळ दिसणार नाही.

लेखात पोंकांचं नाव आजच घालते. ‘विनेगी’चा परिच्छेद आहे तसाच ठेवतेय.