हिरवं दिसलं की उपटा?

"तलावात झाडं दिसली की समजा पाणी सडलं. मुळासकट काढा, पाणी आपोआप नितळ होईल." तलाव स्वच्छतेच्या व्हॉट्सॲप गटांवर हा निरोप फिरतोय. सोबत फोटो जलपर्णीचा. घोळ तिथूनच सुरू होतो. जलपर्णी पाण्यावर तरंगते आणि सांडपाण्यावर पोसते. ती काढायलाच हवी. पण हायड्रिला, वॅलिस्नेरिया ही पाण्याखालची झाडं तळाशी रुजतात आणि बरंचसं अन्न गाळातून घेतात. या दोन प्रकारांना एकाच यादीत कशाला घालायचं?

झाडं म्हणजे सडकं पाणी, हे तर उफराटंच. पाण्याखाली जगायला आधी उजेड लागतो. अमेरिकेतल्या ताहो सरोवराचं पाणी इतकं नितळ, की तिथे 100 मीटरहून खोल मॉस सापडलंय. सांडपाण्यातून थोडं खत आलं तर ही झाडं फोफावतात, खरं आहे. पण ते वाढतच गेलं की पाण्यात सूक्ष्म शैवाल माजतं, पाणी हिरवट गढूळ होतं, तळाशी अंधार पडतो आणि झाडं मरतात.

मग ती काढल्यावर पाणी नितळ कसं होणार? नेदरलँड्समधलं वेलुवेमेअर बघा. उथळ सरोवर, तळभर काराचं, म्हणजे झाडासारख्या दिसणाऱ्या मोठ्या शैवालाचं, कुरण. 1960 च्या दशकात फॉस्फरस, म्हणजे तेच सांडपाण्यातलं खत, वाढला, कुरण गेलं आणि पाणी वर्षानुवर्षं गढूळ राहिलं. 1979 पासून सांडपाण्यातला फॉस्फरस कमी केला, तरी झाडं लगेच आली नाहीत, कारण तळ उकरणारे ब्रीम मासे गाळ ढवळत होते. ते मासे पकडून कमी केले, तेव्हा कुठे 1990 च्या दशकात पाणी निवळलं आणि कारा पसरला. झाडं गाळ धरून ठेवतात, लाटा मोडतात, शैवाल खाणाऱ्या बारीक जिवांना आडोसा देतात. ती उपटली की हा सगळा बंदोबस्तच जातो.

एकाच तलावात या काठाला दाट झाडी आणि समोरच्या काठाला नुसता दगड, असंही असतं. वाऱ्याच्या लाटा जिथे आदळतात तिथे गाळ टिकत नाही, मुळं धरत नाहीत. आपल्या धरणांत तर उन्हाळ्यात पाणी इतकं खाली जातं, की काठची झाडं उघडी पडून वाळतात. त्याचा घाणीशी काय संबंध?

राहिलं "मुळासकट". हायड्रिलाचा तुकडा तुटला तरी नवं झाड होतं, वर गाळातले कंद काही वर्षं टिकतात. आणि सेराटोफायलम या पाण्याखालच्या झाडाला तर मुळंच नसतात!