गोळी घेतलीस का?

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य हेच असेल. नवऱ्याला स्किझोफ्रेनिया आहे. या आजारातल्या भासांबद्दल, संशयाबद्दल बरंच लिहिलं जातं, पण माझ्या मते संसाराची खरी वाट लावतो तो हा साधा प्रश्न.

कारण या आजारात बऱ्याच जणांना आपण आजारी आहोत हेच पटत नाही. तो हट्ट नसतो, नाटक तर नाहीच. ती जाणीवच आजाराने हिरावलेली असते. डॉक्टर त्याला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात. आता ज्याला आपण ठणठणीत आहोत याची खात्री आहे, त्याला बायको रोज न चुकता कसलीतरी गोळी देते. त्याच्या जागी बसून बघा, संशय येणारच की!

तो गोळी तळहातावर उलटसुलट करून बघायचा. पाकीट उजेडात धरून मागची बारीक अक्षरं वाचायचा, मग माझ्याकडे बघायचा. ग्लासातलं पाणी आधी मी प्यायल्याशिवाय त्याला तोंड लावायचा नाही. गिळून झालं की मी त्याला जीभ वर करायला लावायचे. अशी झडती घेतल्यावर रात्री त्याच माणसाच्या कुशीत शिरायचं, हे कुणाला जमत असेल तर असो. मला नाही जमलं.

"प्रेमाने समजावून सांग गं," असं सांगणारे खूप भेटतात. बायको आपल्याला विष घालते आहे असं ज्याला वाटतंय, त्याला तीच बायको प्रेमाने काय समजावणार? वाद घालून भ्रम जात नाही, उलट आणखी घट्ट होतो.

आणि अति लक्ष देणंही अंगाशी येतं. जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात लंडनमध्ये रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा माग ठेवला. आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्यांचा आजार भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त उलटला. पुढच्या अभ्यासांत त्याचा संबंध घरातली सततची टीका, चिडचिड आणि नको इतकी काळजी यांच्याशी दिसला. घरच्यांमुळे आजार होतो असा अर्थ कृपया काढू नका, तो तसा नाहीच. पण डोळ्यांत तेल घालून पहारा देणारी बायको म्हणजे आदर्श बायको, ही समजूत मात्र सोडलेली बरी.

शेवटी मी डॉक्टरांना सांगितलं, हे काम माझ्याकडून काढून घ्या. एकदा घेतल्यावर काही आठवडे काम करणारी इंजेक्शनं १९६० च्या दशकापासून आहेत. नवरा तेव्हा बऱ्या अवस्थेत होता, तो स्वतःच हो म्हणाला. रोजच्या झडतीला तोही विटला होता. आता इंजेक्शन नर्स देते आणि सोबत दीर जातात. सगळ्यांना ते लागू पडतं असं नाही. वजन वाढतं, सुस्ती येते, हात थरथरतात. पण परवा आम्ही दिवा कोणी बंद करायचा यावरून कडाकडा भांडलो. निव्वळ नवरा-बायकोचं भांडण! मला इतकं बरं वाटलं.

बरं असतानाच आणखी एक गोष्ट आम्ही कागदावर लिहून ठेवली: झोप उडाली, फोन बंद करून ठेवू लागला, की कोणाला कळवायचं, कोणतं औषध त्याला नको, पैशांचे व्यवहार कोणी बघायचे. हस्ताक्षर त्याचंच आहे, त्यामुळे वेळ आली की मी माझ्या मनाचं काही करते असं होत नाही.

"मग सोडलं का नाहीस?" हेही विचारलं जातं. मला राहावंसं वाटलं म्हणून. पण ज्या निघाल्या त्यांना मी कमी लेखत नाही. घरात मारहाण असेल, मुलं जीव मुठीत धरून राहत असतील, तर निघायलाच हवं. तेव्हा डॉक्टरांना आणि त्याच्या घरच्यांना स्पष्ट सांगावं, की उद्यापासून हे मी बघणार नाही, तुमच्यापैकी कोण बघणार ते ठरवा. नाव ठरण्यासाठी मात्र थांबू नये, कारण बायको घरात आहे तोवर कोणीच पुढे येत नाही.