‘शिपिंग किमतीत मिळवा आणि फुकट म्हणा’: एका गोधडीवालीचा हिशेब

घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर दिवाळीआधी एक मेसेज फिरतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: “ताईंनो, शिपिंगचा आकडा दिसला की गिऱ्हाईक पळतं. तो खर्च किमतीत मिळवा आणि मोठ्या अक्षरात ‘फ्री शिपिंग’ लिहा. नफा तेवढाच राहतो. सरासरी काढली की सगळीकडचं भागतं. पार्सल परत आलं तरी माल आपलाच असतो. मोठमोठ्या कंपन्या हेच करतात, आणि गिऱ्हाइकाला काही कळत नाही.”

मी साताऱ्याकडची. गोधड्या विकते, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत वाकळा. बाळाच्या छोट्या, एका माणसाच्या आणि डबलबेडच्या. काही माझ्या स्वतःच्या पानावरून जातात, काही एका मोठ्या ऑनलाइन बाजारातून. हा मेसेज वाचून मी वर्षभर अगदी तसंच केलं. वर्षाच्या शेवटी वही उघडली तेव्हा विक्री वाढलेली होती आणि हातात पैसे कमी होते. त्यामुळे पुढचं सगळं त्या वहीतून आलेलं आहे.

आधी कबूल करते, मेसेजचं पहिलं वाक्य खरं आहे. पिशवी भरून झाली, पत्ता टाकून झाला आणि शेवटच्या पडद्यावर ‘अधिक ११० रुपये’ दिसलं की माणूस मागे फिरतो. मीही फिरते. भांडण त्याच्या पुढच्या वाक्यांशी आहे.

“नफा तेवढाच राहतो.” नाही राहत. बाळाच्या गोधडीचं उदाहरण घेऊ. कापड, अस्तर, दोरा, मजुरी, पिशवी मिळून ६२० रुपये खर्च धरा. मला २०० सुटायला हवेत. ऑनलाइन बाजार विक्रीवर १५ टक्के घेतो असं समजू. (दर वस्तूगणिक बदलतो, आणि कर सध्या बाजूला ठेवते, नाहीतर डोकं फिरेल.) मग १५ टक्के कापून ८२० हातात यायला किंमत येते ९६५. शिपिंग ११०. मेसेज सांगतो की ९६५ मध्ये ११० मिळवा, झाले १,०७५. पण बाजार आता १५ टक्के कशावर कापणार? १,०७५ वर. म्हणजे कुरिअरवाल्याला द्यायच्या पैशांवरही मी कमिशन भरते. १६१ कापले गेले, ६२० माल, ११० शिपिंग, हातात उरले १८४. प्रत्येक नगामागे सोळा रुपये कुठे गेले ते कुणाला दिसतही नाही.

बेरीज करून चालत नाही, भागाकार करावा लागतो. माल, शिपिंग आणि हवा तो नफा एकत्र करा, ९३० होतात. १५ टक्के कापल्यावर रुपयातले ८५ पैसेच उरतात, म्हणून त्याला ०.८५ ने भागा. किंमत येते १,०९५ च्या आसपास. म्हणजे ११० रुपयांच्या शिपिंगसाठी किमतीत १३० घालावे लागले. स्वतःच्या पानावरून विकणाऱ्यांना कमिशन नसतं, पण पैसे स्वीकारणारी सेवा दोनेक टक्के घेतेच. भागाकार तिथेही तोच, आकडा लहान.

आता सेल येतो. वीस टक्के सूट. सूट कशावर? छापील किमतीवर, आणि त्या किमतीत आता शिपिंग लपलेलं आहे. १,०९५ ची गोधडी ८७६ ला गेली, कमिशन १३१, माल आणि शिपिंग मिळून ७३०, उरले पंधरा रुपये. तीच गोधडी ९६५ आणि शिपिंग वेगळं असती, तर त्याच सुटीत छत्तीस उरले असते. तेही काही फार नाहीत, पण पंधराच्या दुप्पट आहेत. सेलमध्ये आपण कुरिअरच्या भाड्यावरही सूट देतो; कुरिअरवाला आपल्याला देत नाही.

जीएसटी नोंदणी असलेल्यांसाठी आणखी एक खड्डा आहे, तोही नेमका आमच्याच धंद्यातला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुती गोधडीची विक्री किंमत नगाला २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर गेली तर १८ टक्के कर लागतो. डबलबेडची २,४५० ची गोधडी ‘फ्री शिपिंग’साठी २,६०० केली, तर करासकट आकडा २,५७२ वरून थेट ३,०६८ वर जातो. दीडशे रुपये मिळवायला गेलात आणि गिऱ्हाइकाला पाचशेनं महाग पडलात. बिलात शिपिंग वेगळं दाखवलं की कर टळतो, अशी समजूतही नको. मालासोबत घेतलेल्या शिपिंगला मालाचाच दर लागतो. मी माझी साधी मोठी गोधडी शिपिंगसकट २,५०० च्या खाली बसवली आणि भरतकामाची सरळ ३,२०० ला नेली. मधल्या पट्ट्यात आता मी काही विकतच नाही.

“सरासरी काढली की भागतं.” कशाची सरासरी? मेसेज लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय की शिपिंग म्हणजे वस्तूच्या वजनाचा खर्च. गोधडीवालीला विचारा. कुरिअर कंपन्या दोन वजनं पाहतात: काट्यावरचं आणि आकारमानाचं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं, आणि दोन्हीपैकी जे जास्त त्याचं भाडं. माझी एका माणसाची गोधडी काट्यावर १.६ किलो. सुरुवातीला मी ती छान खोक्यात पाठवायचे, ४५ बाय ३५ बाय १२. गणित करा: ३.७८ किलो. मी दोन किलोचं भाडं धरून बसलेली, आणि बिल चार किलोचं. बाळाची गोधडी साडेचारशे ग्रॅमची, पण ३० बाय २५ बाय ६ च्या पाकिटात ९०० ग्रॅम. म्हणजे अर्ध्या किलोचा टप्पा ओलांडून एक किलोचा.

यावर उपाय निघाला तो किमतीत नाही, घडीत निघाला. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी एक दिवस खोकं बाजूला सारलं, गोधडी गुडघ्याखाली दाबून घट्ट घडी घातली, प्लास्टिकमध्ये आवळली आणि कुरिअरच्या पिशवीत सरकवली. ४० बाय ३० बाय ८. भागाकार १.९२ किलो. खोकं दिसायला चांगलं, हे खरं. पण त्या दिखाव्याचं भाडं प्रत्येक पार्सलमागे दोन किलो होतं. पिशवीची घडी चुरगळते अशी एक तक्रार आली, तेव्हापासून आत चिठ्ठी टाकतो: दोन तास उन्हात टाका. गोधडीला ऊन लागतंच की.

सरासरीची दुसरी खोट अंतराची. कुरिअरचे दर झोनवर असतात: त्याच शहरात, राज्यात, मोठ्या शहरांत, उरलेल्या देशात, आणि सर्वांत महाग ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीर. समजा दहा ऑर्डरींपैकी सहा महाराष्ट्रातल्या ८० रुपयांच्या, तीन बाहेरच्या १२० च्या आणि एक गुवाहाटीकडची २०० ची. सरासरी १०४. तुम्ही १०४ किमतीत मिळवलेत. आता पाहा काय होतं. पुण्याच्या बाईला तुमची गोधडी शेजारच्या दुकानापेक्षा महाग वाटते, ती घेत नाही. गुवाहाटीच्या बाईला ती स्वस्त वाटते, कारण तिच्या पार्सलचे निम्मे पैसे पुण्याची बाई भरणार असते. जवळचं गिऱ्हाईक गळतं, लांबचं वाढतं. पुढच्या दहांत महाराष्ट्रातल्या तीन, बाहेरच्या पाच, ईशान्येच्या दोन झाल्या की सरासरी १२४. सरासरी लावल्यामुळेच सरासरी बदलली. माझ्या वहीत हे अगदी असंच झालेलं दिसतं, आणि मी मात्र तेव्हा “माल आसामपर्यंत जातो” म्हणून नातेवाइकांना सांगत होते.

“परत आलं तरी माल आपलाच असतो.” माल आपला, भाडं कुणाचं? ‘आरटीओ’ म्हटलं की इतरांना लायसन्स आठवतं. पार्सलवाल्यांच्या पोटात गोळा येतो. गिऱ्हाइकाने घेतलं नाही, पत्ता सापडला नाही, फोन लागला नाही, की पार्सल पाठवणाऱ्याकडे परत, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’. घरी आल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरींत, म्हणजे सीओडीत, हे सर्वांत जास्त. स्वतःच्या पानावरून विकत असाल तर जाण्याचं भाडं तुमचं आणि येण्याचंही तुमचंच. शंभर पार्सलं गेली, वीस परत आली, जाण्याचे ११० आणि येण्याचे ९० धरा. एकूण १२,८००. हे पैसे कुणाकडून वसूल होणार? ज्या ऐंशी जणींनी घेतलं त्यांच्याकडून. म्हणजे एका यशस्वी ऑर्डरचं शिपिंग ११० नव्हे, १६०. शिवाय सीओडीचं शुल्क वेगळं, आणि परत आलेली गोधडी उघडून, झटकून, पुन्हा घडी घालून ठेवायची मजुरी कुठेच धरलेली नाही.

फुकट शिपिंगमध्ये ऑर्डर करताना खिशातून काहीच जात नाही, तसं नाकारतानाही जात नाही. मी आता सीओडीला शंभर रुपये आधी घेते, ते बिलातून वजा होतात. ऑर्डर आली की व्हॉट्सॲपवर गोधडीचा फोटो आणि पत्ता पाठवून “बरोबर आहे ना?” विचारते. पहिल्या महिन्यात ऑर्डरी कमी झाल्या आणि पैसे वाढले.

“मोठ्या कंपन्या हेच करतात.” मोठ्या कंपन्या काय करतात ते नीट पाहा. ॲमेझॉनने जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत फुकट पोचवणं कायमचं सुरू केलं, ते ९९ डॉलरच्या वरच्या ऑर्डरींवर. त्याच वर्षी ती अट २५ डॉलरवर आणली. २००५ मध्ये प्राइम आलं, म्हणजे वर्षाला ७९ डॉलर आधी भरा. भारतात २०१६ साली ते ४९९ रुपयांच्या सुरुवातीच्या वर्गणीवर आलं. एक तर किमान खरेदीची अट, नाहीतर वर्गणी. एकट्या नगाला विनाअट फुकट असं तिथे एवढा मोठा दुकानदारसुद्धा सरसकट देत नव्हता, आणि आम्हाला मात्र दीडशे रुपयांच्या मेतकुटाच्या पुडीवर ते द्यायला सांगतात. शिवाय त्यांची गोदामं गावोगावी, कुरिअरशी त्यांचा भाव घासून घासून ठरलेला. माझा भाव दरपत्रकात असतो तो.

त्यांच्याकडून उचलण्यासारखी गोष्ट असेल तर ती अट. आमच्या पानावर १,९०० च्या वर शिपिंग नाही. दोन बाळगोधड्या एका पिशवीत जातात आणि भाडं दुप्पट होत नाही, म्हणून ते परवडतं. उलट शिपिंग प्रत्येक नगाच्या किमतीत लपवलं, तर दोन घेणारी बाई ते दोनदा भरते. सर्वांत चांगलं गिऱ्हाईक सर्वांत जास्त लुबाडलं जातं.

फुकट शिपिंग कुणीच देऊ नये असं मी म्हणत नाही. माझी एक मैत्रीण मोत्याच्या नथी विकते. अठराशेची नथ, डबीसकट शंभर ग्रॅमच्या आत, शिपिंग किमतीच्या पाच टक्क्यांहून कमी. तिने बिनधास्त फुकट लिहावं, लिहितेही. मेतकूट, भाजणी, पापड विकणाऱ्यांचं भाडं किमतीच्या निम्म्यावर जातं. त्यांनी एकेकटी पुडी पाठवणंच बंद करावं आणि पाच-सहा जिनसांचा डबा करावा.

राहिलं शेवटचं, “गिऱ्हाइकाला काही कळत नाही.” गेल्या डिसेंबरात पुण्याला एका प्रदर्शनात गाळा घेतला होता. साधारण साठीच्या एक काकू बाळाची गोधडी हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. धावदोऱ्याचे टाके मोजले, अस्तर चिमटीत धरून पाहिलं. मग पर्समधून फोन काढला आणि ऑनलाइन बाजारातलं माझंच पान माझ्यासमोर धरलं. १,०९५, खाली हिरव्या अक्षरांत ‘फ्री शिपिंग’.

“ही तुमचीच ना?”

“हो काकू.”

“मग मी इथून स्वतः उचलून नेतेय. पोस्टाचे कमी करा.”

मी ९६५ सांगितले. त्यांनी दोन घेतल्या.