शिरोरेखा तोडणारा ‘सोनेरी नियम’

‘टायपोग्राफीचे 5 सोनेरी नियम’ हा फॉरवर्ड भाचीच्या डिझाइनच्या वर्गातल्या ग्रुपवर आला आणि पहिल्या वर्षाची मुलं तो पाठ करू लागली. उद्या हीच मुलं सोलापूरच्या गड्डा यात्रेचे फ्लेक्स करणार. हे नियम रोमन लिपीवरून घेतलेले आहेत, मराठीचा त्यात विचारच नाही.

सगळ्यात घातक पहिला: ‘हेडिंगला ट्रॅकिंग 100 द्या, प्रीमियम दिसतं.’ कुठल्या लिपीत? ट्रॅकिंग म्हणजे अक्षरांमधलं अंतर. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एमच्या (म्हणजे फॉन्टच्या पॉइंट साइजएवढ्या मापाच्या) हजाराव्या भागात मोजतात. 40 पॉइंटच्या हेडिंगला 100 दिलं, की दर अक्षरामागे 4 पॉइंटची फट. इंग्रजीत अक्षरं मुळातच सुटी, त्यामुळे ते खपतं. देवनागरी फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ, म्हणजे शिरोरेखा, शेजारच्या रेघेला भिडेल अशीच काढलेली असते. फट पडली की ‘सोलापूर’चे सो, ला, पू, र असे चार तुकडे होतात. काही सॉफ्टवेअरमध्ये तर कानाही सुटतो आणि ‘ला’च्या जागी ‘ल’ आणि बाजूला एक उभा दांडा दिसतो. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या भारतीय लिप्यांच्या मांडणीविषयीच्या दस्तऐवजात मांडणीचं एकक आहे ते जोडाक्षर-मात्रांसकट अख्खं अक्षर. त्याच्या आत अंतर घालणं म्हणजे अक्षरच फोडणं.

हेडिंग मोकळं हवं असेल तर ट्रॅकिंग 0 ठेवा. शब्दांमधलं अंतर थोडं वाढवा, वजन (रेघांची जाडी) एक पायरी हलकं करा आणि भोवतीची कोरी जागा वाढवा. लोगोत अक्षरं लांबवायचीच असतील तर मजकूर आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून) शिरोरेखा हाताने जोडून घ्या. परिच्छेदात हा उद्योग नको.

एक मान्य करतो. सोलापुरात पाट्या कन्नड-तेलुगूतही लागतात आणि त्या लिप्यांत अखंड शिरोरेखा नाही. तिथे 20-30 ट्रॅकिंग चालून जातं, फक्त जोडाक्षरातलं खालचं अक्षर वरच्यापासून हलता कामा नये. 100 तिथेही जास्तच.

दुसरा नियम, ‘लाइन स्पेसिंग ऑटो ठेवा’. अडोबीत ऑटो म्हणजे अक्षराच्या साइजच्या 120 टक्के, 20 पॉइंटला 24. वरच्या ओळीतल्या ‘बुद्धू’चा ‘द्धू’ खालच्या ‘विद्यार्थी’तल्या ‘र्थी’च्या बरोबर वर येईल असं टाइप करून पाहा: वरचा उकार खालच्या रफार-वेलांटीवर आदळू शकतो. 28 ते 30 पॉइंटपासून सुरुवात करा आणि फॉन्टप्रमाणे कमी-जास्त करा.

‘हेडिंग कॅपिटलमध्ये’ यावर काय बोलायचं? देवनागरीत कॅपिटल नाहीतच.

‘दोनच फॉन्ट’ हा नियम अर्धा खरा आहे. पण तीन लिप्यांच्या पाटीवर मोजायची ती फॉन्टची कुटुंबं. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांच्या ‘अनेक’ या कुटुंबात देवनागरी, कन्नड, तेलुगू आणि रोमन एकाच घाटाची आहेत, तिथून सुरुवात करा.

‘सगळीकडे एकच पॉइंट साइज’ हेही चूक. एकाच पॉइंटला मराठी आणि इंग्रजी सारखी दिसतीलच असं नाही. शेजारी ठेवून डोळ्यांनी जुळवा.

आणि या फॉरवर्डमध्ये नसलेली, पण सगळ्यात आधी करायची गोष्ट: इनडिझाइन या अडोबीच्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जोडणारी सोय) निवडा. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडतात, आणि मुलं दोष फॉन्टला देतात.