‘चिक्कूपणा’ म्हणणाऱ्या वाचकाला, जरा सविस्तर

उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस पाळलं पण. काल रात्री मात्र दूध तापवत असताना तेच वाक्य परत डोक्यात आलं, दूध उतू गेलं, म्हटलं आता लिहून मोकळं व्हावं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ‘अंदमान : चौघं, आठ दिवस, पंचावन्न हजार’ या माझ्या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आलीये. नाव नाही, फोटो नाही, त्यामुळे दादा म्हणावं की ताई ते कळायला मार्ग नाही. म्हणणं असं की पंचावन्न हजारात विमानाचं भाडं धरलेलंच नाही त्यामुळे शीर्षक फसवं आहे, ऑगस्टमध्ये यांच्या बोटी सलग दोन दिवस रद्द झाल्या, परतीचं विमान चुकलं आणि माझ्या लेखात पावसाळ्याबद्दल अवाक्षर नाही, हॅवलॉक बेटावरच्या राधानगर किनाऱ्याच्या मगरींबद्दल नाही, आणि बेटांची नावं जुनीच वापरलीयेत. इथपर्यंत ठीक. पण मग शेवटी हे वाक्य: “चार पैसे वाचवायला पोरांना पहाटे चारला उठवून सरकारी बोटीच्या रांगेत उभं करणारी आई काटकसरी नसते, त्याला चिक्कूपणा म्हणतात.”

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. नावं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप डिसेंबर २०१८ मध्येच झालं, आणि पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम सप्टेंबर २०२४ मध्ये. आम्ही गेलो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे नवीन नाव लिहायला हवं होतं. चूक माझी, दुरुस्त केलीये. आता तिथे रिक्षावाल्यापासून नारळपाणीवाल्यापर्यंत सगळे हॅवलॉक आणि नीलच म्हणत होते हा भाग वेगळा. आणि तिथल्या माउंट हॅरिएट डोंगराचं पण २०२१ मध्ये माउंट मणिपूर झालंय बरं का, ते तुमच्याही नजरेतून सुटलं.

आता ते वाक्य.

पहिली गोष्ट, ‘आई’ कशाला मध्ये आणली? सहलीला आम्ही चौघं होतो. अलार्म नवऱ्याने लावला होता, बॅगा त्याने उचलल्या, रांगेत तो उभा होता. हाच लेख त्याने लिहिला असता तर तुम्ही “पोरांना पहाटे उठवणारा बाप” असं लिहिलं असतं का? नसतं लिहिलं. तेव्हा “वा, काय प्लॅनिंग आहे साहेब” असं आलं असतं. मला टीकेचं काही वाटत नाही, अजिबात नाही, सूर खटकतो. एखाद्याच्या घरी जाऊन “चहात साखर कमी आहे” म्हणणं वेगळं आणि “तुमच्याकडे साखर परवडत नाही वाटतं” म्हणणं वेगळं.

दुसरं, पहाटे चार. अहो, अंदमान कुठे आहे नकाशात बघा एकदा. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, आणि ही बेटं त्र्याण्णवच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने तिथलं घड्याळ चाळीसेक मिनिटं मागेच आहे. जानेवारीत सव्वापाचलाच फटफटायला लागतं आणि संध्याकाळी सव्वापाचला सूर्य बुडून पावणेसहाला काळोख. तिथे जाऊन जो आठ वाजता उठतो त्याचा अर्धा दिवस गेला, आणि दुपारचं जेवण रेंगाळत केलं तर राधानगरचा सूर्यास्त पण गेला, तो फक्त दुसऱ्यांच्या फोटोत बघायचा. तेव्हा पहाटे उठणं हा तिथे छळ नाही, तिथली वेळच तशी आहे. आणि आम्ही चारला नाही, सव्वाचारला उठलो.

तिसरं, सरकारी बोट. ही तुम्ही शिक्षा समजताय. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीवरून सकाळी सहाच्या सुमारास सुटते, हॅवलॉकला जायला दोन-अडीच तास घेते, खाजगीवाले दीड तासात नेतात. मान्य. पण खाजगी बोट म्हणजे एसी, बंद काचा, नंबर लावलेल्या सीटा आणि पडद्यावर गाणी, समुद्रात आहोत हे फक्त पोटाला कळतं. सरकारी बोट ही तिथल्या लोकांची एसटी आहे. तिकिटात आधी स्थानिकांचा हक्क, आणि तसंच हवं, आपण तिथे चार दिवसांचे पाहुणे. आमच्या बोटीत भाजीच्या रिकाम्या टोपल्या परत नेणाऱ्या एक आजी होत्या, एक मोटरसायकल होती, शाळेच्या गणवेशातली दोन मुलं होती. माझी धाकटी, वय वर्षं सात, डेकच्या कठड्याला नाक लावून बसली होती आणि एकदम ओरडली, “आई, चिमण्या!” चिमण्या नव्हत्या. उडणारे मासे होते. बोटीच्या पुढून निघायचे, पाण्याला न टेकता वीस-पंचवीस फूट सरळ जायचे आणि टुपकन आत. पुढचा तासभर ती फक्त मोजत होती. एकेचाळीस. बंद काचेच्या आत बसून एकेचाळीस मोजले असते का सांगा.

आणि “चार पैसे”? चौघांचे जाऊन-येऊन काही हजार वाचतात. तुमच्यासाठी चार पैसे असतील, छान आहे, देवाची कृपा.

हे सगळं मी कोणत्या अधिकाराने बोलते? तर मी पहिल्यांदा अंदमानला गेले १९९४ मध्ये. वडील सरकारी कारकून, एक पगार, आम्ही तीन भावंडं. विमानाचा विचार करायचीही सोय नव्हती. मद्रासहून (तेव्हा मद्रासच होतं) जहाजाने, बंक क्लास, एकावर एक फळ्या, तीन रात्री. आई तिन्ही दिवस लिंबू हुंगत आडवी होती. मी नऊ वर्षांची. मला त्या सहलीतलं जेवण आठवत नाही, लॉज आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सेल्युलर जेलमध्ये वडील सावरकरांच्या कोठडीत शिरले आणि बाहेर येईनात. आम्ही तिघं गजाशी उभे, धाकटा “शू लागली” म्हणून रडतोय, आणि हा माणूस भिंतीवर तळहात ठेवून उभा. काही बोलले नाहीत. जिना उतरताना फक्त म्हणाले की सात ओळी होत्या अशा, आता तीनच राहिल्यात. त्यांनी त्या सहलीसाठी दोन वर्षं चहा-सिगरेट बंद ठेवली होती हे मला फार नंतर कळलं. त्यांना पण चिक्कू म्हणणार का तुम्ही? म्हणा.

यावेळी मुलांना तिथेच नेलं. दहा वर्षांच्या मुलाने कोठडी पावलांनी मोजली, “आपल्या हॉलपेक्षा लहान आहे” म्हणाला आणि नंतर बराच वेळ गप्प होता. त्याच मुलाने दुसऱ्या दिवशी जुनी लाल विसाची नोट डोळ्यांसमोर धरून माउंट हॅरिएटवरून (सॉरी, मणिपूर) नोटेमागचं चित्र आणि खरा देखावा जुळवून बघितला. याला वीसच रुपये लागतात, आणि तेही परत खिशात येतात.

एलिफंट बीचला पण आम्ही बोटीने न जाता जंगलातून चालत गेलो, तेही बहुधा चिक्कूपणातच जमा असेल. चिखलात मुलाची एक चप्पल रुतली ती रुतलीच, उरलेला रस्ता एका पायाने लंगडी. अजून हसतो आम्ही. बाराटांग बेटाला तर गेलोच नाही, पण ते पैशासाठी नाही. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्यांचा काफिला सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, असे नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. तरी गाडीतली माणसं माना वळवून बघत असतात ते मला पटत नाही. हे मूळ लेखात लिहिलं होतं, तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

राहता राहिले बाकीचे मुद्दे. पाऊस. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून तिथे पाऊस सुरू होतो, समुद्र खवळला की बोटी बंद, हे शाळेतल्या भूगोलात येतं, त्यासाठी माझा लेख कशाला पाहिजे. तुमचं विमान चुकलं याचं वाईट वाटलं, खरंच, पण ऑगस्टमध्ये मी पाठवलं नव्हतं तुम्हाला. मगरी. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, २०१० मध्ये हॅवलॉकला एका पर्यटक बाईचा जीव पण गेलाय, आणि म्हणूनच किनाऱ्यावर पाट्या आहेत. मोठ्या अक्षरात आहेत. तरी एक ओळ टाकते: खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नका, जीवरक्षक नाही म्हणाला तर वाद घालू नका.

विमानाचं भाडं. हे काय, प्रत्येकाचं शहर वेगळं, तारीख वेगळी, भाडं वेगळं, मी कोणाकोणाचं लिहिणार? शिवाय आमची तिकिटं नवऱ्याच्या एलटीसीतून (नोकरीतली प्रवास सवलत) झाली होती, त्यामुळे तो आकडा माझ्या वहीत नव्हताच. जो खर्च माझ्या हातून झाला तो मी लिहिला, रुपयाला रुपया. यात फसवं काय आहे मला खरंच कळलं नाही. शीर्षकात सगळं बसत नाही हो, जागा असते तेवढीच.

आणि हो, कुठून तरी उकरून काढाल म्हणून आधीच सांगते, नीलहून परत येताना आम्ही खाजगी बोटीने आलो. धाकटीला ताप होता आणि सरकारी बोटीची तिकिटं मिळाली नाहीत. काचा बंद होत्या, ती दीड तास गाढ झोपली. तो प्रसंग वेगळा होता.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. लेखात नावं बदलली, मगरींची ओळ घातली, “पावसाळा टाळा” हे दोन शब्द पण टाकले. नवरा मागून वाचत उभा आहे, म्हणतोय विमानाचा आकडाही टाकून दे एकदाचा. बघते.