हाऊ बूट चावत नही

दोन्ही टाचांवरचे फोड अजून ओले आहेत, तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

भाच्याचं लग्न, वैशाख, धुळं. एवढं सांगितलं की पुरे. आग्रा रोडवरच्या एका दुकानातून ४,२०० रुपयांचे काळे चामडी ऑक्सफर्ड बूट घेतले, लग्नात पाच तास उभा राहिलो, आणि वरण-बट्टीच्या पंगतीत टेबलाखाली जे बूट काढले ते परत पायात जाईनात. शेवटी तूप वाढायचा चमचा टाचेमागे घालून पाय आत लोटला. (चमचा मी नंतर धुतला. पण सासुरवाडीचं या बाबतीत वेगळं मत आहे.)

सोमवारी बूट घेऊन दुकानात गेलो. मालक गल्ल्यावर. बाकावर एक बाबा, धोतर-टोपी, पायात झिजून पापड झालेल्या प्लास्टिकच्या चपला. ते गिऱ्हाईक नव्हते, नोकरही नव्हते. साक्रीच्या गाडीला अवकाश होता आणि दुकानात पंखा होता.

"हा बूट चावतो," मी मालकाला म्हणालो.

मालकानं तोंड उघडायच्या आत बाबांचा हात पुढे आला. "दखाडा."

मी दिला. का दिला, देव जाणे. त्यांनी बूट उलटा केला, वास घेतला, आत मूठ घालून कणगीत धान्य किती उरलंय ते बघावं तसं चाचपलं.

"आते पाय दखाडा."

भर दुकानात मी मोजा काढला. बाबांनी पायाकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं.

"भाऊ, हाऊ बूट चावत नही. तुमना पायच बूटले चावस."

मालक हसला. फोडाचं दुखणं मी विसरेन, ते हसणं नाही विसरणार.

"चामडं आहे, सैल होईल, असं यांनीच सांगितलं होतं," मी म्हणालो.

"व्हई ना. पन तवलोंग पाय ऱ्हायना पाहिजे." मग जवळ सरकून, हळू आवाजात, "रातले पिशवीमा हरभरा टाका, पानी टाका, बूटमा कोंबी द्या. हरभरा फुगस, बूट बी फुगस."

"तुम्ही केलंय कधी?"

"मी काय बूट घालस का?" जरा थांबून, "कितलाले लिना?"

मी आकडा सांगितला. बाबा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

"इतलामा बकरी येस."

आणि गाडी पकडायला निघून गेले.

बाबांचा मला राग नाही. राग आहे तो दुकानाचा. चामडं रुंदीला सैल होतं, लांबीला तसूभरही नाही, हे बूट विकणाऱ्यानं सांगायचं की साक्रीला जाणाऱ्यानं? पाय दिवसभरात सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यावा. मी घेतला सकाळी ११ वाजता. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाला बसेल तो बूट घ्यावा. पोऱ्यानं फक्त उजवा घालून बघायला दिला आणि अंगठ्यानं बुटाचं नाक दाबून "जागा आहे, साहेब" म्हणाला. रेशनवर कार्ड मागावं तसं "नंबर काय?" एवढंच विचारलं. एका नंबरात फरक तो एक तृतीयांश इंचाचा, अर्धा नंबर ठेवत नाहीत, आणि रुंदीचं तर नावच नको. लहानपणी अनवाणी शेत तुडवून आमचे चवडे भाकरीसारखे पसरलेत, त्यांनी जायचं कुठं? त्यात ऑक्सफर्ड. त्याचे नाडीचे पल्ले खालून शिवून बंद केलेले, पाय वरून उंच असेल तर उघडायला वावच नाही. डर्बी बुटात ते मोकळे असतात. हे मला आता कळलं, फोड आल्यावर.

बदलून द्या म्हटलं तर मालकानं पाटीकडे बोट केलं. विकलेला माल. वर म्हणे बुटाचा तळ घासलाय. घासणार नाही तर काय, नवरदेवासारखा घोड्यावर बसून आलो होतो का?

मग भरपाई म्हणून स्पंजवाल्या पातळ पॉलिशची बाटली पुढे केली. पैसे घेऊन. आणि फुकटचा सल्ला: "घामानं ओले झाले की उन्हात ठेवा." धुळ्याच्या उन्हात! पापड वाळवायचेत का बूट? ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, सावलीत ठेवावेत, एक दिवस विश्रांती द्यावी. ती पॉलिश वरून नुसती चकाकते. चामड्याला क्रीम लागतं, ब्रश लागतो, हात दुखेपर्यंत घासावं लागतं. मी हे सगळं बोललो नाही. बाटली घेऊन घरी आलो. पन्नास रुपये सुट्टे नव्हते, तेही त्यानं नंतर देतो म्हणून ठेवून घेतले.

मंगळवारी रात्री हरभरे कोंबले. बुधवारी चपला घालून ऑफिसला गेलो आणि साफ विसरलो. आज शुक्रवार. उजव्यातली पिशवी फुटून अस्तर भिजलंय, डाव्यातून मोड बाहेर डोकावतायत. मोजपट्टी लावली, लांबी तेवढीच.

बायको स्वयंपाकघरातून विचारतेय, उसळ कोणत्या पायाची करू.