युगांडातील केळीच्या नव्या वाणांविषयी खुलासा

‘युगांडातील गरीब शेतकऱ्यांवर जनुकीय बदल केलेली केळी लादली असून तिला मुनवे (बुंध्याशेजारी फुटणारी नवी रोपे) फुटत नाहीत, त्यामुळे रोपे दरवर्षी विकत घ्यावी लागतात’, असा संदेश केळी उत्पादकांच्या गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

करपा रोगाला तोंड देणारे ‘नारिता’ वाण तेथील राष्ट्रीय कृषी संशोधन संस्था आणि आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्था यांनी, रोजच्या जेवणातील ‘मातोके’ केळीचा ‘कलकत्ता ४’ या रानकेळीशी संकर करून, पुढे अनेक वर्षे निवड करत तयार केले आहेत; त्यांत जनुकीय अभियांत्रिकी नाही. बी जवळजवळ न धरणाऱ्या पिकात असा संकर घडवणे किती चिकाटीचे काम आहे, हे केळी लावणाऱ्यांना सांगायला नको. या वाणांना मुनवेही फुटतात आणि त्यांपासूनच पुढची लागवड होते.

‘अ’ जीवनसत्त्वयुक्त तसेच जिवाणूजन्य मर रोगाला प्रतिकारक अशा जनुकीय केळींवर तेथे वेगळे संशोधन झाले, हे खरे; मात्र अशा जनुकीय पिकांच्या वापराचे नियमन करणाऱ्या, संसदेने २०१७ मध्ये संमत केलेल्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी स्वाक्षरी केली नाही, त्यामुळे ते कायद्यात उतरले नाही.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.